जबड्यातल्या काळ्या डागाविषयी

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन काढणारं यंत्र, हे इम्प्लांट बसवणाऱ्यांचं, असं माझं बरीच वर्षं मत होतं. जबड्यात काही वेगळं दिसलं तर ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एकच सपाट एक्स-रे) काढावा, बोटांनी चाचपावं आणि शंका उरलीच तर सरळ उघडून पाहावं, या शिकवणीत मी दंतवैद्य म्हणून घडलो. जादा खर्च आणि जादा क्ष-किरण पेशंटवर कशाला लादायचे, असं मी विचारत असे. आज माझं मत तसं नाही. ते बदललं स्टाफ्नेच्या पोकळीमुळे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले एडवर्ड स्टाफ्ने यांनी १९४२ साली अशा ३५ पोकळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. खालच्या जबड्यात, मागच्या दाढांच्या भागात, नसेच्या नलिकेखाली एक गोल किंवा लांबट काळा डाग दिसतो. त्याची कडा पांढरी आणि रेखीव असते. तो दुखत नाही, सुजत नाही. बहुधा मध्यमवयीन पुरुषांत, भलत्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत सापडतो. ही गाठ नाही, सिस्टही नाही. जबड्याच्या जिभेकडच्या बाजूला हाडात पडलेला तो खळगा असतो आणि त्यात बहुतेक वेळा लाळग्रंथीचा भाग किंवा चरबी असते. त्यावर उपचार करावे लागत नाहीत.

पण ‘काही करू नका’ हे सांगायलाच डॉक्टरला सर्वांत जास्त खात्री लागते, आणि ओपीजी ती खात्री देत नाही. वक्र जबडा त्यात सपाट होऊन येतो. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड एकावर एक चढतं. डाग हाडाच्या आत बंद आहे की एका बाजूने उघडा, हे कळत नाही. जबड्याच्या याच भागात अमेलोब्लास्टोमा ही हाड पोखरणारी गाठही होते, म्हणून ‘बघू पुढे’ म्हणणंही सोपं नाही.

डाग नेहमीच्या जागी असेल तर सरावलेली नजर तो ओळखते, हे मी अजूनही मानतो. मला विचार करायला लावलं ते जबड्याच्या पुढच्या भागातल्या खळग्यांनी. सुळा आणि उपदाढांच्या मुळांपाशी ते आले की हुबेहूब मुळाच्या सिस्टसारखे दिसतात. अशा जागी निरोगी दातांचं रूट कॅनॉल झाल्याच्या, शस्त्रक्रियेत आत निव्वळ लाळग्रंथी सापडल्याच्या नोंदी दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत आहेत. त्या वाचत गेलो तसतसं ‘उघडून पाहू’ हे वाक्य मला जड होत गेलं. जबड्याच्या नलिकेतल्या नसेला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होतात, कधी कायमची.

सीबीसीटीत शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरतो आणि साधारण अर्ध्या मिनिटात काम होतं. मग जबड्याचे हव्या त्या दिशेने बारीक काप पडद्यावर पाहता येतात. खळगा जिभेकडून उघडा, गालाकडचं हाड शाबूत आणि नलिका त्याच्या वरून जाणारी, एवढं एका कापात दिसलं की बहुतेक वेळा सुरीची गरजच उरत नाही.

किरणांबद्दलची माझी काळजी मात्र गेलेली नाही. सीबीसीटीचा डोस ओपीजीपेक्षा बहुधा कितीतरी जास्त असतो. म्हणून स्कॅन तेवढ्याच भागाचा घ्यावा आणि पुढच्या तपासण्या साध्या ओपीजीवर भागवाव्यात. खळग्यात नेमकं काय आहे हेही सीबीसीटीत नीट दिसत नाही. मऊ ऊतींसाठी एमआरआय लागतो. निदान पक्कं असताना केवळ यंत्र हाताशी आहे म्हणून स्कॅन लिहून देणं मला आजही पटत नाही.

तुमच्या ओपीजीत असा डाग निघाला आणि कुणी थेट शस्त्रक्रिया सुचवली, तर घाबरून होकार देऊ नका. दातांची संवेदना तपासली का, डाग नलिकेच्या वर आहे की खाली आणि तो जिभेकडून उघडा आहे का, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर आधी त्या भागाचा सीबीसीटी काढा आणि तो तोंड-जबड्याच्या रेडिऑलॉजिस्टकडून वाचून घ्या.