सातपुड्यातल्या पाण्यावरची नोकरी

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. बंदर नाही, दीपगृह नाही, की सुटणाऱ्या बोटीकडे नजर ठेवणारा बंदर अधिकारीही नाही. तरीही अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या उत्तर टोकाला रोज सकाळी काही माणसे कामावर निघतात ती बोटीनेच. लसींचा डबा मांडीवर धरून बसलेली परिचारिका, पोषण आहाराची पाकिटे घेतलेली अंगणवाडी सेविका, जीवनशाळेचे गुरुजी, रात्री टाकलेले जाळे काढायला निघालेला मच्छीमार, निवडणूक आली की मतदान यंत्र छातीशी धरलेले पथक. आणि या सगळ्यांना नेणारा, मोटरीच्या दांड्यावर हात ठेवून मागे बसलेला बोटचालक.

बोटीवरच्या कामगारांची सुरक्षा हा माझा विषय. सुरुवात जहाजांवर झाली. तिथे प्रत्येक खलाशाला सुरक्षेचे पाठ घोकून घ्यावे लागतात, कारण नियम मोडला तर जहाज बंदरातच अडवले जाते. सातपुड्यात आलो तेव्हा पहिला प्रश्न पडला तो असा: इथल्या बोटचालकाला कामगार म्हणून मोजते कोण?

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून नर्मदा जेमतेम ५४ किलोमीटर वाहते. वाहते म्हणायचे ते सवयीने. सरदार सरोवर उभे राहिल्यापासून मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण, भुषा या गावांपुढे आहे तो तुंबलेला, खोल, डोंगरांच्या घड्यांत शिरलेला जलाशय. धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. खालची ठरवलेली पातळी आहे ११०.६४ मीटर. या दोन आकड्यांत २८ मीटरांचे अंतर आहे, म्हणजे साधारण नऊ मजली इमारतीएवढे.

बोटीवर काम करणाऱ्याचे निम्मे हाल या २८ मीटरांत आहेत. पाणी उतरते तसा काठ दूर जातो आणि मागे उरतो तो गुडघाभर, घसरडा गाळ. कायमचा धक्का बांधायचा तर कोणत्या पातळीला बांधायचा? मग परिचारिका डबा डोक्यावर घेऊन चिखलातून उतरते, बाळंतीण झोळीतून खाली आणली जाते, आणि सगळ्यांत धोक्याचा क्षण येतो तो बोटीत पाय टाकण्याचा. एक पाय गाळात, एक बोटीच्या काठावर, हातात ओझे. बोटीच्या कामातल्या दुखापती वादळातच होतात असे नाही, चढता-उतरतानाही होतात. पाण्याखाली आणखी एक जग आहे: बुडालेली साग-महूची खोडे, घरांचे खांब, शेतांचे बांध. पातळी उतरू लागली की खोडांचे शेंडे पाण्याखाली वीतभर येऊन थांबतात. वरून काहीच दिसत नाही. मोटरीचा पंखा त्यावर आदळला की बोट झटक्याने थांबते आणि उभा असलेला माणूस पाण्यात जातो.

१५ जानेवारी २०१९. संक्रांतीचा सण. धडगाव तालुक्यात भुषा घाटाजवळ नर्मदेवर पूजा-स्नानाला आलेल्या आदिवासी कुटुंबांची बोट उलटली. बोटीत साठ-सत्तर माणसे होती, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. बरीच माणसे वाचवता आली. पण किमान सहा जण गेले आणि त्यांत लहान मुले होती.

त्या दिवशी वादळ नव्हते, पूर नव्हता. हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कारण बोट लाटेमुळे बुडते हा समज फार घट्ट आहे. बोट उलटते ती बहुधा माणसांच्या वजनाने. वजन तळाशी असेल तोवर ती कलंडली तरी सावरते. माणसे उभी राहिली की वजन वर चढते आणि सावरण्याची ताकद कमी होते. त्यात तळाला टाचेएवढे पाणी साचलेले असेल तर बोट जरा कलताच ते पाणी कललेल्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. माणसे घाबरून उठतात, उठतात म्हणून बोट उलटते. सगळे मिळून काही सेकंद. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हाही वादळाच्या माऱ्यात घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावल्याचे सांगितले जाते. ‘रामदास’ आगबोट होती, भुषाची साधी प्रवासी बोट. पाणी दोघींना एकच नियम लावते.

म्हणून या घाटांवर सगळ्यांत स्वस्त सुरक्षा म्हणजे रंगाचा डबा. बोटीच्या दोन्ही अंगांना बाहेरून एक ठळक पट्टा ओढायचा. माणसे बसली आणि पट्टा पाण्याखाली गेला की बोट सोडायची नाही. वाचता न येणाऱ्यालाही हा पट्टा वाचता येतो. जगभरच्या मालवाहू जहाजांवर अशी भाररेषा असते, आणि ती बुडाली तर कप्तानाला जाब द्यावा लागतो.

आता लाइफ जॅकेट. एका कार्यालयाच्या कोठीत मला नवी कोरी जॅकेटे दाखवली गेली, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, कुलपाआड, साठा नोंदवहीत व्यवस्थित चढवलेली. त्याच दिवशी घाटावरच्या बोटीत एकच जॅकेट होते आणि त्यावर चालक बसला होता. मी ते मागून घेतले. उन्हाने नारिंगी रंग विटून पिवळट झाला होता. आतला फोम वर्षभर बसून बसून भाकरीसारखा चपटा झालेला. अंगठ्याने दाबला तर खळगा तसाच राहिला, वर आला नाही. दोन पट्ट्यांपैकी एकीचे बक्कल गेलेले आणि तिथे सुतळीची गाठ. असे जॅकेट माणसाला तरंगवत नाही, फक्त तो तरंगेल असा भास देते.

जॅकेट पारखायला यंत्र लागत नाही. फोम दाबा, तो लगेच फुगून यायला हवा. अंगात घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आले तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाणार. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. मूल त्यातून खाली निसटते. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो त्यासाठीच.

चालकाला विचारले, “दादा, घालत का नाही?”

तो म्हणाला, “साहेब, मी घातलं तर लोक म्हणतील, याला पोहता येत नाही, याच्या बोटीत कशाला बसायचं?”

हे उत्तर मी विसरलेलो नाही. त्यात त्याचा धंदा आहे आणि अब्रूही. पण पोहता येणे आणि वाचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अचानक गार पाण्यात पडलेला माणूस पहिल्या क्षणाला नकळत जोराने श्वास ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. सातपुड्यातल्या जानेवारीच्या पहाटे हे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चुकत नाही. अंगात कपडे, पायात बूट, कोणीतरी गळ्याला मिठी मारलेली. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एकच पोहत काठाला लागला, सहा गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला, तेव्हा जॅकेटांची चर्चा देशभर झाली. ती चर्चा मुंबईच्या धक्क्यावर थांबू नये, डोंगरातल्या घाटांपर्यंत यावी, एवढी माझी कळकळ आहे.

रेलू वसावे यांचे नाव २०२० मध्ये सर्वांनी वाचले. चिमलखेडीच्या या अंगणवाडी सेविकेने टाळेबंदीत मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्ही मारत वस्त्यांवरच्या गरोदर बायांपर्यंत आणि बाळांपर्यंत आहार पोहोचवला. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण माझ्या पेशाची नजर दुसरीकडे जाते. ती बाई बऱ्याचदा एकटी असे. एकटीने वल्हवणे ही सुरक्षेच्या दृष्टीने पहिली टाळायची गोष्ट. बोटीवर दुसरे माणूस हवे, काठावर कोणाला तरी परतीची वेळ ठाऊक हवी, ती टळली तर शोधायला निघणारी बोट हवी. सेविकेचे धैर्य तिचे स्वतःचे. तिला होडी, जॅकेट आणि सोबत पुरवणे हे तिला कामावर ठेवणाऱ्याचे काम. धैर्याच्या बातम्या छापताना आपण हा हिशेब विसरतो.

मच्छीमारांचा धोका निराळा. जाळे बुडालेल्या खोडांत अडकते, ते सोडवायला माणूस बोटीच्या काठावरून वाकतो आणि जाळ्यासकट आत जातो. जाळे पायाला गुंडाळले तर पोहणे संपते. म्हणून कमरेला हाताशी येईल असा धारदार चाकू हवा. मोटर असेल तर चालकाच्या मनगटाला अडकवलेली दोरी हवी, जी सुटताच मोटर बंद पडते. नाहीतर पाण्यात पडलेल्या चालकाभोवती त्याचीच बोट गोल फिरत येते, पंख्यासकट. ही दोरी नव्या मोटरीबरोबर येते. बोटींवर ती मला बहुतेक वेळा पेट्रोलच्या डब्याचे झाकण बांधायला वापरलेली दिसली.

मासेमारी हा जगातल्या सर्वांत जीवघेण्या धंद्यांपैकी एक. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९९ चा अंदाज वर्षाला २४ हजार मृत्यूंचा होता. २०२२ च्या एका जागतिक अभ्यासाने तो आकडा लाखाच्या वर नेला. त्याच संघटनेने २००७ मध्ये मासेमारीतल्या कामाविषयीचा १८८ क्रमांकाचा करार केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. किमान वय, वैद्यकीय तपासणी, विश्रांतीचे तास, लेखी करार, सुरक्षेची साधने, सगळे त्यात आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. आणि स्वीकारला तरी त्यातच एक वाट ठेवली आहे: नद्या, तलाव, कालवे यांतली मासेमारी सरकारला वगळता येते. आपली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिताही प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा विचार करते. नर्मदेतल्या होडीत दोन भाऊ असतात. तीन असले तर खूप.

मग उरतो अंतर्देशीय जलयानांचा २०२१ चा कायदा. १९१७ च्या ब्रिटिश काळातल्या कायद्याची जागा त्याने घेतली आणि तो खरोखर उपयोगी आहे. यांत्रिक बोटीला नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र, चालकाला पात्रतेचा दाखला. एका राज्याची नोंदणी दुसऱ्या राज्यात चालते, आणि समोरचे काठ गुजरात-मध्य प्रदेशचे असलेल्या या पाण्यात हे मोठेच सोयीचे. बिगरयांत्रिक होड्यांची नोंद गावपातळीवर व्हावी अशीही त्यात व्यवस्था आहे. राज्यात हे काम मुख्यतः महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते, ज्याच्या नावातच सागर आहे. किनाऱ्यावरचा तपासनीस सातपुडा चढून येईल तेव्हा येईल, तोवर ग्रामपंचायतीला होड्यांची वही घालायला कोणी अडवलेले नाही.

विम्याचे मात्र आजच करण्यासारखे आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा गोड्या पाण्यातल्या मच्छीमारांनाही लागू आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्याच्या खर्चाला २५ हजार. वय १८ ते ७०. हप्ता सरकार भरते. अट एकच, नाव आधी नोंदलेले हवे. ज्याचे नाव सहकारी संस्थेच्या किंवा मत्स्य खात्याच्या यादीत नाही, त्याच्या बायकोला नंतर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

या सगळ्याहून मोठी गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. कोकणात ट्रॉलरवर शेवटचा शब्द तांडेलाचा. मालक किनाऱ्यावर कितीही ओरडो, तांडेल म्हणाला वारा बरा नाही, तर जाळे पडत नाही. जहाजावर कप्तानाला हा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांनी दिला आहे. नर्मदेवर चालकाच्या समोर बसलेला असतो साहेब, नाहीतर गावचा पुढारी, नाहीतर सणाला निघालेली साठ माणसे. वारा सुटलेला त्याला दिसतो, पट्टा बुडालेला दिसतो. पण नाही म्हणायचे कसे? भाडे जाईल, उद्या बोलावणार नाहीत. एकदा संध्याकाळी परतताना आमच्याच गटातला एक अधिकारी “होईल हो, चला” म्हणाला आणि चालक काही न बोलता मोटरीकडे वळला. मी ‘आपण इथेच मुक्काम करू’ म्हटले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, तिने मला नियमावलीच्या सगळ्या पानांहून जास्त शिकवले. ज्या खात्याची माणसे बोटीने जातात, त्या प्रत्येक खात्याने एका ओळीचा लेखी आदेश काढावा: बोट सोडायची की नाही हे चालक ठरवेल, आणि नाही म्हटल्याबद्दल त्याचे भाडे कापले जाणार नाही.

पुढची संक्रांत येईल. घाटांवर पुन्हा गर्दी होईल. जिल्हा प्रशासनाने, ग्रामपंचायतींनी आणि बोटमालकांनी त्याआधी तीन कामे करावीत: प्रत्येक बोटीवर पट्टा ओढावा, कोठीतली जॅकेटे वेष्टनातून काढून घाटावर आणावीत, आणि त्यांत मुलांच्या मापाची किती आहेत हे आधी मोजावे.