सावलीतला सांबार

मेसमध्ये पालकाची भाजी असली की आमच्या फ्लोअरवरचे निम्मे पोट्टे रूमवर मॅगी उकळतात. मीही त्यातलाच. पण माझा घरचा डबा आला आणि त्यात सांबारवडी निघाली, की हेच पोट्टे "काय लेका, अभ्यास झाला का?" असं विचारत एकेक करून येतात. (पुण्या-नाशिककडच्या मित्रांसाठी खुलासा : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं. पहिल्या वर्षी यावरून झालेला घोळ मी विसरायला तयार आहे, तुम्हीही विसरा.)

हा सांबार आमच्या परसातला आहे. परस म्हणजे काय, तर बारा बाय अठरा फुटांचा तुकडा. दक्षिणेला शेजाऱ्यांची तीन मजली इमारत, पश्चिमेला आमचाच कडुनिंब, उत्तरेला आमच्या स्वयंपाकघराची भिंत. पूर्वेला बोळ, तेवढीच काय ती मोकळी बाजू. इमारत उभी राहिली 2022 मध्ये. त्याआधी आई तिथे टमाटर, वांगी, भेंडी सगळं घ्यायची. नंतर टमाटराची झाडं उंचच उंच, पांढुरकी व्हायला लागली. फुलं यायची आणि गळून पडायची. वांग्याने तर त्या वर्षी एकच वांगं दिलं. आईने ते देवापुढे ठेवलं, कारण चौघांत भाजी कशाची करणार!

पण आईने भाजी लावायचं सोडलं नाही. त्याचं कारण इमारतीच्याही आधीचं आहे.

2017 मध्ये मी सातवीत होतो. त्या साली कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि बोंडअळीची भीती होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. पेपरात रोज बातम्या यायच्या. माझे काका त्या आकड्यात नाहीत. ते नऊ दिवस दवाखान्यात होते आणि परत आले. उंच कपाशीत पंप पाठीवर घेऊन चालायचं, म्हणजे फवारा पायाशी नाही, तोंडासमोर असतो. ते संध्याकाळी घरी आले ते "दिसून नाई राह्यलं" म्हणतच. परत आल्यावर त्यांनी शेत मक्त्याने दिलं आणि काकूंना घेऊन ते आमच्याकडे यवतमाळला आले. तेव्हापासून कडक उन्हात त्यांचे डोळे पाणावतात. म्हणून त्यांची खुर्ची कायम परसात, कडुनिंबाखाली. सावलीत. आईने बाजाराची भाजी कमी करायचं ठरवलं ते त्याच वर्षी. काका मात्र खुर्चीतून फक्त बघायचे. आठ वर्षांत त्यांनी एका रोपालाही हात लावला नाही. आम्हीही कधी म्हटलं नाही.

तर 2024 च्या दिवाळीत मी घरी गेलो. सेकंड इयरला सर्व्हेइंग शिकून डोकं गरम झालेलंच होतं. टेप काढला, काठी रोवली, ग्राफ पेपर घेतला. काका खुर्चीतून म्हणाले,

"काय मोजून राह्यला रे?"

"सावली."

"कावून? पळून चालली का ते?"

मी त्यांना अक्षांश समजावले. यवतमाळ सुमारे 20.4 अंशावर. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य 46 अंशांच्या वर चढत नाही आणि शेजारच्या 33 फुटी इमारतीची सावली जवळजवळ 32 फूट पडते. आपलं परस अठरा फूट. म्हणजे दुपारी सगळंच सावलीत. सकाळी बोळातून आठ ते साडेदहापर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीलगत पट्टाभर ऊन येतं, बस्स. टमाटर-वांग्याला किमान सहा तास लागतं. निष्कर्ष : इमारत हलवता येत नाही, पण कडुनिंब तोडला तर दुपारनंतर थोडं तिरपं ऊन मिळेल.

काकांनी ग्राफ पेपर बघितला. परत दिला. "झाड तोडाचं नाव काढू नको. मे मदी ये, अन् मंग सांग."

मला ते तेव्हा आवडलं नाही. गणित माझं बरोबर होतं ना!

आईने मात्र ग्राफचा उपयोग केला. फळभाज्यांचा नाद सोडला. ज्याचं पान खायचं ते सावलीत चालतं, ज्याचं फळ खायचं त्याला ऊन पाहिजे, असा तिने सोपा हिशोब मांडला. भिंतीलगतच्या पट्ट्यात सांबार, पालक, मेथी. मधल्या ओलसर भागात धोपा (म्हणजे अळू), पुदिना, आलं, हळद. भिंतीला तिने चुना मारला, कारण पांढरी भिंत मिळेल तो उजेड परत फेकते. हे मी तिला सांगितलं असं मी मित्रांना सांगतो, पण चुना तिने आधीच आणून ठेवला होता. वालाची मुळं खाली सावलीत आणि वेल सुतळीवरून स्लॅबवर. माझ्या आकडेमोडीनुसार स्लॅबच्या कडेपासून चार फूट आत गेलं की डिसेंबरातही दुपारी ऊन आहे. वालाला आकडेमोड येत नाही, तरी तो बरोबर चार-पाच फूट आत जाऊनच फुलला.

मग 2025 च्या मे महिन्यात सबमिशन आटोपून घरी गेलो. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. इमारतीची सावली दुपारी गायब! जे ऊन डिसेंबरात हवं होतं ते सगळं मे मध्ये एकदम परसात उतरलेलं. आणि यवतमाळचं मे मधलं ऊन काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. शेजारपाजारच्या गच्चीवरच्या कुंड्या वाळून कोळ झालेल्या. आमच्याकडे दुपारी एकनंतर कडुनिंबाची सावली सांबाराच्या वाफ्यावर सरकत यायची. लोक हिरवी जाळी विकत आणून बांधतात, ती आमच्याकडे फुकट होती. पाणीही कमी लागायचं. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह तळाला गेले तेव्हापासून आमच्या घरी भांडी विसळलेलं पाणी परसात जातं. तेवढ्यावर वाफा हिरवा होता. पाणी टाकताना मी काकांकडे बघितलं नाही. त्यांनीही 'सांगितलं होतं ना' असं म्हटलं नाही. हे जास्त लागलं.

याच वर्षी आपल्या जिल्ह्यातले सुभाष शर्मा यांना नैसर्गिक शेतीसाठी पद्मश्री मिळाली. ती बातमी काकांनी कापून काकूंच्या डब्यात ठेवलेली मला दिसली. काही बोलले नाहीत. पण जूनच्या शेवटी कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडला, तेव्हा आई झाडून फेकणार होती, तर म्हणाले, "राहू दे." खुर्चीत बसल्या बसल्या काठीने ढीग केला. काकूंनी गर धुऊन बिया सावलीत वाळवल्या आणि पिशवीत भरून ठेवल्या.

डिसेंबरात मी गेलो तेव्हा वालावर मावा पडला होता. शेंड्यांवर नुसता काळा थर. आई म्हणाली, तोडून टाकू वेल. काका उठले. पिशवी आणली. पाव किलो बिया मोजून मला कुटायला लावल्या, पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने दोनदा गाळलं, चिमूटभर साबणचुरा टाकला. मी म्हटलं सकाळीच मारू. "नाई. उन्हात त्याचा जोर जाते. ऊन उतरल्यावर मारा लागते." हे मला नंतर पुस्तकातही सापडलं.

हातपंप आईचा, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा, छोटा. मी तो उचलला, तर काकांनी काढून घेतला. आधी गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या नाका-तोंडाला बांधला. मी म्हटलं, काका, हा तर कडुनिंब आहे, याने काय होते? ते ऐकतच नव्हते. गाठ दोनदा तपासली. मग मूठभर वाळकी पानं वर सोडून वारा बघितला आणि मला खांद्याला धरून वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं.

मग त्यांनी खटका दाबला. हात थरथरत होता, त्यामुळे अर्धा फवारा भिंतीवर गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, काकू तिच्या मागे. कोणी काही बोललं नाही. एकेक शेंडा वाकवून, पानाची खालची बाजू उलटवून, त्यांनी हाताशी येणारा सगळा वेल संपवला. वरचा स्लॅबवरचा भाग राहिला.

"शिडी आण," म्हणाले.