राखणदाराचा पगार

"श्रद्धेतून अवचित मिळालेल्या मदतीवर लिहा. पेडण्याकडचे दोन-चार चमत्कार येऊ द्या. शास्त्रीय काही नको," असं संपादकांनी फोनवर बजावलं. गावऱ्हाटी, म्हणजे गावच्या देवस्थानांची जुनी व्यवस्था, आणि लोकदैवतं हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्या भागात मला चमत्कार सांगणारी माणसं फारशी भेटली नाहीत. भेटली ती हिशेब सांगणारी.

तेरेखोलच घ्या. गाव गोव्याचं, पण वसलंय नदीच्या उत्तर काठावर. पाठीला महाराष्ट्रातलं रेडी, समोर पाण्यापलीकडे केरी. सावंतवाडीकर खेम सावंतांचा इथला किल्ला 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. आत सांत आंतोनचं चॅपेल आहे. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत म्हणून तो सर्वांना ठाऊक असतो, पण पोर्तुगालमध्ये तो चक्क फौजेत नोकरीला होता. मृत्यूनंतर चारशेहून अधिक वर्षांनी, 1668 मध्ये, लागोशच्या पलटणीत शिपाई म्हणून त्याची भरती झाली आणि 1683 मध्ये बढती मिळून तो कॅप्टन झाला. जुन्या गोव्यातल्या त्याच्या मूर्तीलाही हाच हुद्दा होता. मूर्ती मिरवत खजिन्यावर नेऊन पगार उचलला जाई. एका गव्हर्नराने हा खर्च बंद केला, तो संताच्याच सणाला घोड्यावरून पडला आणि पगार पुन्हा सुरू झाला, अशी आख्यायिका आहे.

हसू येत असेल तर शिरोड्याजवळच्या आरवलीला जाऊन या. तिथे ग्रामदैवत वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री गावाभोवती फिरून तो त्या झिजवतो, म्हणून पुन्हा नव्या द्यायच्या. तिकडे पगार, इकडे वहाणा. दोन्ही पहारेकऱ्याचं देणं.

इथे मला थोडं भांडायचं आहे. गावाची हद्द सांभाळणारा राखणदार म्हणजे भूत नव्हे! मोबाइलवर 'गोव्यातली झपाटलेली गावं' पाहणाऱ्यांना हे सांगून माझा घसा बसला. पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, तोवर देवळं पाडण्याचा काळ सरला होता. म्हणून गावऱ्हाटीची रचना तिथे बरीचशी शाबूत आहे. सातेरी वारुळात, रवळनाथ देवळात आणि राखणदार शिमेवर. भुताच्या मागे एक मरण असतं, उरलेली वासना असते, आणि त्याला घालवायचं असतं. राखणदाराला हद्द आणि मान असतो. त्याला गाऱ्हाणं घालून बोलवायचं असतं. तो गाव वसवणारा मूळ पूर्वज असावा, असं एक मत आहे. मला ते पटत नाही, कारण पूर्वसाचं, म्हणजे त्या मूळ पूर्वजाचं, स्थान वेगळं आणि त्याचं देणंही वेगळं. (काही गावांत ही दोन्ही स्थानं एकाच झाडाखाली आहेत, असं जाणकार लगेच सुनावतील. असोत.) डिचोलीतल्या साळला होळीच्या रात्री गडे, म्हणजे व्रतस्थ पुरुष, देवचाराच्या, म्हणजे तिथल्या राखणदाराच्या, उजेडामागे धावतात. त्यांना नेतो तोच आणि परत आणून सोडतोही तोच. एवढी जबाबदारी कुठलं भूत घेईल?

अलीकडचं एक प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, तिन्हीसांजेला, एक होडी समुद्रातून तेरेखोल नदीत शिरत होती. ओहोटीचं पाणी बाहेर धावताना समोरून लाट आली की ती तोंडाशी वाळूच्या दांड्यावर उभी राहून फुटते. तिथे होडी आडवी झाली की संपलं. नेमकं तिथेच इंजिन बंद पडलं. काठावर एक उजेड हलताना दिसला, त्याच्या रोखाने त्यांनी वल्ही मारली आणि आत आले. होडीत एक तेरेखोलचा ख्रिस्ती आणि एक आरोंद्याचा हिंदू. पहिल्याने सांत आंतोनला मेणबत्ती लावली. दुसऱ्याने राखणदाराला नारळ, विडी, दारू दिली आणि मग चॅपेलच्या दारात जाऊन मेणबत्तीही लावली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "कोण इलो ता म्हायत नाय. पण कोणाचाच देणा ऱ्हवाक नको."

उजेड कोणाच्या बॅटरीचा होता, हे मला शहरात हमखास विचारतात. मला सलतं ते वेगळंच. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि किमान सहा जण गेले. सरकारने चौकशी समिती नेमली. माझ्या कानावर मात्र दुसरीच चौकशी आली : कोणाचं सोवळं मोडलं, कोणाचं व्रत चुकलं? राखण झाली नाही की थकबाकी मेलेल्याच्याच नावावर निघते. आजवर मी या हिशेबाचं कौतुक करत आले. आता ते तितक्या सहज होत नाही.

शिवाय माझ्या वह्यांतले सगळे परत आलेले आहेत. नारळ द्यायला परत येतो तोच बोलतो आणि आम्ही त्यालाच माहितीदार म्हणतो. बुडालेल्यांच्या घरी यंदा जायचं मनात आहे. गाऱ्हाणं घातलं होतं का आणि आता राखणदाराला काय देता, हे विचारायचं आहे. प्रश्नावली अजून लिहून झालेली नाही, कारण पहिला प्रश्न कुठल्या तोंडाने विचारायचा तेच ठरत नाही.