खरखर

आवाजाचे वावडे तसे कोणालाच नसते. वावडे असते ते दुसऱ्याने केलेल्या आवाजाचे. स्वयंपाकघरात मिक्सर ओरडू लागला की मला वर्तमानपत्र वाचवत नाही. पण मी रात्री घोरतो म्हणतात, ते मला आजवर एकदाही ऐकू आलेले नाही. तेव्हा गेल्या दिवाळीत, ऐन चकल्या तळण्याच्या दिवशी, आमच्या चिरंजिवांनी एक नारिंगी डबी घरात आणली आणि तिच्यावर पाय ठेवताच सारे घर दणाणले, त्या वेळी माझ्या कपाळाला आठ्या पडल्या यात नवल ते काय?

डबी म्हणजे डिस्टॉर्शन पेडल. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की तो फाटतो, खरखरतो, गुरगुरतो. पैसे देऊन आवाज फाडून घ्यायचा! पण मी जन्मभर बँकेत हिशेब तपासलेला माणूस. मला दुसरीच शंका आली. चिरंजिवांच्या खोलीत एक ॲम्प्लिफायर आधीच होता. त्याला मॉडेलिंग ॲम्प म्हणतात. जुने ॲम्प काचेच्या व्हॉल्व्हवर चालत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असे. हा नवा ॲम्प आतल्या आत गणिते करून त्या साऱ्यांच्या नकला करतो. बहुरूपीच म्हणा ना! गोड आवाज, फाटका आवाज, इतकेच काय, असल्या पेडलांची सोंगेही त्याच्या पोटात भरलेली. मग तीच वस्तू पुन्हा विकत का घ्यायची? एकाच खर्चाची दोनदा नोंद दिसली की आम्ही तिच्याखाली लाल रेघ ओढत असू.

मात्र हे मी त्याला बोललो नाही. बोलण्यासारखे आमच्यात काही उरलेच नव्हते. जून महिन्यात त्याने चांगली कायमची नोकरी सोडली होती. कारण विचारण्याआधीच मी त्याला सुनावले. तोही चढ्या आवाजात बोलला. मी त्याहून आवाज चढवला. शेवटी “माझ्या जिवावर किती दिवस जगणार आहेस?” असे मी म्हणालो आणि घरात एकदम शांतता पसरली. ती शांतता दिवाळीपर्यंत टिकली. दुधाचे बिल आणि गॅसचा सिलिंडर यांपलीकडे आमचे संभाषण जात नव्हते.

त्या संध्याकाळी त्याच्या खोलीतून येणारा आवाज त्यालाही आवडत नसावा. तो पुनःपुन्हा थांबे, बटणांचे कान पिळी आणि पुन्हा सुरू करी. कढईचा तळ काथ्याने घासावा तसा आवाज! इतक्यात आतल्या खोलीतून माझी आई काठी टेकीत आली. ती ब्याऐंशी वर्षांची. तरुणपणी गाणे शिकलेली. तिचा मिरजेचा तंबोरा अजून कपाटाशेजारी गवसणीत उभा असतो. ती दारात थांबली, कान देऊन ऐकू लागली आणि म्हणाली, “अरे, हे दोघंही एकदमच तोंड सोडतायत. एकाला गप्प बसव की!”

चिरंजीव क्षणभर तिच्याकडे पाहातच राहिले. मग वाकून त्यांनी ॲम्पचे एक बटण फिरवले. तो फाटक्या आवाजाच्या सोंगावर ठेवलेला होता. त्याला अगदी साध्या, स्वच्छ आवाजावर आणले. पेडलवर तीन बटणे असतात: आवाज किती फाडायचा ते एक, किती मोठा बाहेर सोडायचा ते दुसरे आणि त्याची धार कमीजास्त करणारे तिसरे. पहिले बटण त्याने बरेच खाली घेतले. दुसरे असे जुळवले की, पेडल चालू असो वा बंद, आवाज तेवढाच राहावा. मग तार छेडली. काय सांगू! खरखर तीच, पण आता तिच्या आत सूर होता. सतारीच्या मिंडीसारखा तो लांबत, वळत गेला.

मी चष्मा घेऊन आत गेलो. कुतूहल हे मोठे निलाजरे असते. ते भांडणाचा मुलाहिजा ठेवीत नाही. “असं कसं झालं?” मी विचारले, आणि तो सांगू लागला. गिटारच्या तारेतून विजेची लाट निघते. पेडलमध्ये दोन डायोड उलटसुलट तोंडे करून बसलेले असतात. लाट ठरावीक उंचीवर गेली की ते तिचे शेंडे छाटतात आणि त्या छाटणीतून मूळ सुराचे वरचे कितीतरी सूर जन्माला येतात. आधी मात्र पेडलने छाटलेली लाट ॲम्प पुन्हा छाटत होता. मग उरते ती सपाट भिंत. तार हळू छेडा वा जोरात, फरक कळत नाही; आणि हात थांबला की विजेची घूंऽऽ तेवढी ऐकू येते. जुने व्हॉल्व्हचे ॲम्प चांगले मोठ्याने वाजवल्याशिवाय फाटत नसत. फ्लॅटमध्ये तसे केले तर सोसायटीची तातडीची सभाच भरायची! या डबीने तेच काम कुजबुजीत होते.

“आणि ॲम्पमधलंच सोंग का नाही वापरत?” माझी हिशेबी शंका मी विचारून घेतली. तो हसला. जूननंतर प्रथमच. “तेही वापरतो, बाबा. पण हे पायाखाली असतं. गाणं मध्येच न थांबवता लावता येतं, काढता येतं. आणि तीनच बटणं. हरवायला होत नाही.”

मग त्याने या खरखरीचा इतिहासच सांगितला. 1961 साली निघालेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात, नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या यंत्राच्या बिघाडामुळे गिटारचा आवाज फाटला, आणि लोकांना तो आवडला. 1962 मध्ये तसाच आवाज काढणारे ‘फझ-टोन’ पेडल बाजारात आले. 1964 मध्ये ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने तर ॲम्पच्या स्पीकरचा कागदी पडदाच पात्याने चिरला! 1965 साली ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने त्या पेडलला जगभर नेले. एका बिघाडाची केवढी ही बढती!

आई हे ऐकत पलंगावर बसली होती. ती म्हणाली, “परत वाजव रे. नुसते दोनच सूर वाजवलेस ना मघाशी?” त्याने वाजवले. त्याला ही मंडळी पॉवर कॉर्ड म्हणतात. फाटक्या आवाजात जास्त सूर एकदम घेतले तर चिखल होतो. म्हणून मूळ सूर आणि त्याचा पाचवा, एवढेच घ्यायचे. “म्हणजे षड्ज-पंचमच की!” आई म्हणाली. “माझा तंबोरा काढ.”

कित्येक वर्षांनी गवसणी सुटली. तारा मिळवायला अर्धा तास गेला. आवाज निघाला तो मात्र बोथट, लाकडी. “जवारी गेलीय,” आई म्हणाली. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की तार घोडीच्या उतारावर अलगद घासते आणि तिला खरखरीचा एक जीव येतो. तिची बोटे आता थरथरतात. म्हणून दोरा नातवाने सरकवला. ती नुसते “अजून... अजून... बस्” म्हणत होती. ‘बस्’ म्हणताच तंबोरा उघडला. खर्जातून न छेडलेला गंधार आपोआप उमटला. आम्ही तिघेही गप्प झालो. आमच्या गवयांनी शतकानुशतके जिची आराधना केली, तीही एक खरखरच होती. फक्त ती जागेवर होती.

मला जूनची रात्र आठवली. त्या रात्री आम्हा दोघांचीही गेनची बटणे शेवटपर्यंत पिळलेली होती. त्याचा सूर मला ऐकू आला नव्हता. माझा त्याला आला नसावा. चूक खरखरीची नव्हतीच. पोर रागावणार, बापही रागावणार. पण एक फाटतो आहे तेव्हा दुसऱ्याने स्वच्छ राहायला हवे होते, आणि वयाने ते काम माझे होते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या विझत आल्या तेव्हा आम्ही दोघेच गॅलरीत उभे होतो. मी विचारले, “नोकरी का सोडलीस रे?” तो बराच वेळ बोलत होता. त्यातले सारेच मला पटले असे नाही. दोनदा तर शब्द अगदी ओठावर आले. पण त्याचे बोलणे संपेपर्यंत मी मध्ये बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी चहा देताना ही म्हणाली, “काल तुम्ही घोरला नाहीत.” घोरणार कसा? पहाटेपर्यंत मी जागाच होतो.