घराचे भूत आणि घराचे वारस

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे नोकरी केली. कुंडलिकेच्या काठी रासायनिक कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागून ठिकठिकाणची माणसे आली. रात्रपाळीत चहाच्या वेळी गप्पा रंगत, तेव्हा प्रत्येकाजवळ आपापल्या गावच्या घरातील भुताची एखादी हकिकत असे. कोणाच्या माजघरात पावले वाजत, कोणाच्या परसातील विहिरीवर पांढरे लुगडे दिसे. परंतु कंपनीच्या ज्या खोल्यांत आम्ही सारे राहत होतो, त्यांतील एकाही खोलीत भूत असल्याचे मी कधी ऐकले नाही. तेथेही माणसे आजारी पडत, मरत. मग भुते तेथे का फिरकली नाहीत? मला वाटते, त्या खोल्यांना वारस नव्हते, हेच कारण असावे.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर आमची पिढी पोसली. तरी भुताच्या गोष्टीत भुतापेक्षा भाऊबंदकी अधिक असते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. २०१६ साली दूरदर्शन संचावर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका घरोघर पाहिली जात होती. कोकणातील एका वाड्यात वडिलांच्या मृत्यूनिमित्त पांगलेले कुटुंब एकत्र येते आणि भयाला सुरुवात होते. त्यातील भीतीचे प्रसंग मला ओढूनताणून आणलेले वाटले. मात्र भावाभावांतील, जावाजावांतील धुसफूस अस्सल होती. घरचा गडी पांडू काही महत्त्वाचे सांगायला येई आणि नेमके तेच विसरे. सारे घर त्याला वेडगळ समजे. मला मात्र तो खरा साक्षीदार वाटे, कारण वाड्यात त्याचा वाटा नव्हता.

ज्याच्या सांगण्यावर वाचकाने पूर्ण विसंबू नये, अशा निवेदकाला वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली 'अविश्वसनीय निवेदक' असे नाव दिले. हेन्री जेम्सची १८९८ सालची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही कथा त्याचा प्रसिद्ध दाखला. दोन पोरक्या मुलांना सांभाळणारी तरुण शिक्षिका मृत नोकरांची भुते पाहते. घरातील प्रौढ बाईला ती दिसत नाहीत. भुते खरी की शिक्षिकेच्या मनातली, यावर विद्वानांनी शंभर वर्षे वाद घातला. मला त्या वादापेक्षा मुलांचा काका अधिक अस्वस्थ करतो. काहीही झाले तरी मला त्रास देऊ नका, ही त्याची नोकरीची अट! शर्ली जॅक्सनच्या १९५९ सालच्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या कादंबरीतील एलिनॉर अकरा वर्षे आजारी आईची शुश्रूषा करते. आई भिंत ठोठावून तिला हाक मारीत असे. पुढे त्या झपाटलेल्या घरात रात्री दारे ठोठावली जातात, तेव्हा अर्धवट झोपेत तिला प्रथम आईच आठवते. मोटारीत तिचा निम्मा वाटा असतो, तरी ती वापरायला बहीण नकार देते. एलिनॉर ती गुपचूप घेऊन निघते. जिला स्वतःचे घर नाही, तिलाच ते भयंकर घर आपले म्हणते.

पवित्र शास्त्रातही असा एक प्रसंग आहे. एन-दोर येथील बाई शमुवेलाला पाहते; शौल राजा मात्र तिलाच विचारतो की, तुला काय दिसते? झग्यात गुंडाळलेला म्हातारा, एवढ्या तिच्या वर्णनावरून तो ओळख पटवतो. राज्य हातातून निसटत असलेल्या माणसाला कोण दिसावे, हे जणू आधीच ठरलेले होते.

हे सारे मला आजोळच्या घरामुळे सुचले. कुंडलिकेच्या मुखाकडील एका गावात ते कौलारू घर आहे. आजी-आजोबा गेल्यावर, घर विकण्याचा विषय निघाला त्याच वर्षी, माळ्यावर आवाज होऊ लागले. थोरले मामा मुंबईहून नाताळला येत. त्यांना आजोबांची काठी ऐकू येई आणि आजोबांना वाटणी नको आहे, असा ते अर्थ लावीत. धाकट्या मामांना स्वयंपाकघरात आजीचे रडणे ऐकू येई; थोरल्याने तिची आबाळ केली, हे तिचे दुःख. तेथेच राहणाऱ्या अविवाहित मावशीने आजीची नऊ वर्षे सेवा केली होती. तिला कोणी विचारले नाही. मीच एकदा विचारले, तर म्हणाली, "अरे, माळ्यावर उंदीर झालेत. येताना औषध आण."

पुढे नातलगांत कुजबुज सुरू झाली की मावशीलाच बाहेरचे काही झाले आहे. तिला भगिनींच्या वृद्धाश्रमात ठेवावे आणि घर मोकळे करावे. भुताने निवासस्थान बदलले होते! धर्मगुरूंना बोलावण्यात आले. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळे बसवून ऐकून घेतले. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे महागुरुस्वामींच्या स्पष्ट अनुमतीवाचून भूतनिवारणाचा विधी कोणाला करता येत नाही आणि प्रथम आजाराची शहानिशा करावी लागते, हे त्यांनी शांतपणे सांगितले. घराला आशीर्वाद दिला. मग विचारले, "उताऱ्यावर नावे कोणाची आहेत?"

नावे दोन्ही मामांचीच होती. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसल्यास, ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. मेरी रॉय यांच्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच कायदा जुन्या त्रावणकोरमधील ख्रिस्ती स्त्रियांनाही लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा आमच्याकडे त्याची चर्चा झाली होती. घरात मात्र कोणी तो लावून पाहिला नाही. म्हणजे मावशीचा चौथा हिस्सा, आणि माझ्या आईचाही. वाचकांनी हे ध्यानात घेऊनच माझी हकिकत वाचावी. या घराविषयी मीही निःस्पृह साक्षीदार नव्हे. इतक्या वर्षांत आजोबांच्या काठीने किंवा आजीच्या रडण्याने मुलींच्या वाट्याचा उच्चार एकदाही केला नव्हता, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

वारसनोंदीचा नवा अर्ज चार नावांनी लिहिला गेला. थोरल्या मामांनी सही करायला दोन नाताळ घेतले. मावशी अजून त्याच घरात राहते. धाकट्या मामांची सही अद्याप व्हायची आहे.