तापट प्रेस्कॉट

घराणं पेंटियम ४ या कॉम्प्युटर प्रोसेसरचं. थोरला भाऊ नॉर्थवूड बाजारात गुणी म्हणून नावाजलेला, त्यामुळे धाकट्याकडून इंटेलच्या अपेक्षा मोठ्या. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रेस्कॉट आला आणि आल्या आल्या सगळ्यांच्या लक्षात आलं की पोरगं तापट आहे. 'प्रेसहॉट' हे टोपणनाव त्याला कायमचं चिकटलं.

अंगानं तसा लहानखुरा. करंगळीच्या नखाएवढा, ११२ चौरस मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा आणि त्यात साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर. खाणं मात्र दांडगं: मॉडेलप्रमाणे ८४ पासून ११५ वॅटपर्यंत. शंभरचा जुना पिवळा बल्ब आठवा. पेटता असताना त्याला हात लावायची सोय नसे, आणि त्याला निदान मोठी काच होती. इथे तेवढीच उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची.

हा स्वभाव आला कुठून? काळाकडून, असं माझं मत. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी जुळवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिलं विचारायचं, "किती गिगाहर्ट्झ?" आकडा मोठा तो प्रोसेसर भारी, असा सरळ हिशेब. हा आकडा फुगवायचा तर प्रत्येक कामाचे बारीक बारीक टप्पे पाडायचे, म्हणजे एकेक टप्पा झटपट उरकतो. नॉर्थवूडचे टप्पे २०, प्रेस्कॉटचे ३१. आता प्रोसेसर पुढचं काम कुठलं येणार याचा अंदाज बांधून आधीच सुरुवात करतो. अंदाज चुकला की रांगेत घेतलेलं सगळं काम टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून लागायचं. रांग जितकी लांब तितकं वाया जास्त. त्या वाया गेलेल्या कामाची वीज मात्र खर्च झालेली असते, आणि ती उष्णता होऊनच बाहेर येते. सारख्या गिगाहर्ट्झला हा धाकटा अनेकदा थोरल्याच्या मागेच पडायचा, ते यामुळेच.

त्यात विजेचं गणित निर्दयी. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि विजेच्या खर्चात व्होल्टेजचा तर वर्ग होतो. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले की खर्च ३३ टक्क्यांनी वाढतो. शिवाय प्रेस्कॉट ९० नॅनोमीटरच्या नव्या तंत्राने घडवलेला. ट्रान्झिस्टरमधला रोधक थर १.२ नॅनोमीटरचा, म्हणजे जेमतेम चार-पाच अणूंचा. इतक्या बारीक बांधणीत बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपत राहते. चिप तापली की ही गळती वाढते आणि गळती वाढली की चिप आणखी तापते. काही काम नसतानाही स्वारी गरमच.

त्याला शांत ठेवायची जबाबदारी डोक्यावरच्या हीटसिंकची आणि पंख्याची, म्हणजे कूलरची. चिपच्या टोपीचा आणि हीटसिंकचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी दोघांमध्ये हवेच्या फटी राहतात आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट. वाटाण्याएवढी पुरते; पावावर लोणी फासल्यासारखी थापू नये. दोन-चार वर्षांत ती वाळून भुकटी होते, तेव्हा जुनी पुसून नवी लावायची. पहिले प्रेस्कॉट ४७८ पिनांच्या सॉकेटमध्ये बसायचे. त्यांचा हीटसिंक सरळ वर खेचला तर घट्ट चिकटलेला प्रोसेसरही पिनांसकट उपटून यायचा. जाणकार मेकॅनिक आधी मशिन थोडा वेळ चालवून पेस्ट नरम करायचा आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा. पुढच्या सॉकेटवर प्लॅस्टिकच्या चार खुंट्या आल्या. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीनं दाबायच्या, 'कट्' असा आवाज येईपर्यंत. एक जरी अर्धवट बसली तरी कूलर तिरका राहतो आणि पंखा कितीही ओरडला तरी उपयोग नाही.

बाकी कूलर काही थंडी तयार करत नाही. तो उष्णता चिपवरून उचलून हवेत सोडतो, बस. हवाच तापलेली असेल तर तो तरी काय करणार? पंख्याकडे येणारी हवा ३८ अंशांच्या आत ठेवावी, असं इंटेलच्या कागदपत्रांत होतं. नागपूरच्या मे महिन्याला हे कोणी कळवलं होतं की नाही, देव जाणे.

फार तापला की प्रेस्कॉट स्वतःला वाचवायला मधूनमधून आपलं घड्याळ थांबवायचा. मशिन रेंगाळायचं आणि मालकाला वाटायचं, व्हायरस शिरला. मग फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायचं. खरा गुन्हेगार पंख्याच्या पात्यांखाली, हीटसिंकच्या फटींत साचलेला धुळीचा थर. वरून तो दिसतच नाही. मशिन बंद करून, पातं बोटानं धरून ब्लोअर मारला तर पैसे न देता वेग परत मिळायचा.

इंटेलनं मात्र गिगाहर्ट्झचा आकडा चढवतच न्यायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. मे २००४ मध्ये प्रेस्कॉटचा वारसदार तेजस रद्द झाला. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा प्रेस्कॉटही रद्द झाला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या मंचावर थट्टेनं का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. प्रेस्कॉटची मजल ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओनं २.६६ गिगाहर्ट्झ आणि ६५ वॅटमध्ये त्याला मागे टाकलं. कोअर २ ड्युओचं मूळ पेंटियम एममध्ये होतं. इस्रायलमधल्या हैफाच्या चमूनं लॅपटॉपच्या बॅटरीवर चालायला घडवलेलं ते घराणं, पहिल्यापासून बेतानं खाणारं.