पाणी न पाजलेलं पोलाद

मंचरच्या बाजारात लोहार लालभडक कोयता पाण्यात बुडवायचा. “पाणी पाजल्याशिवाय धार टिकत नाही,” अब्बा सांगायचे. तेच डोक्यात घेऊन मी भोसरीला एका कारखान्यात गॅस नायट्रायडिंगच्या भट्टीवर लागलो.

चांदरात होती. जुन्नरची शेवटची एसटी गाठायची होती. अमोनिया बाहेर काढला, भट्टी गरम असतानाच उघडली आणि शाफ्टांवर पंखा लावला. ईदनंतर कामावर गेलो, तर शाफ्ट निळसर पडलेले, काही वाकलेले.

भट्टीवरच्या चाचांनी समजावलं. कोयता कठीण होतो तो पाण्यात. इथे ५०० ते ५५० अंशांवर अमोनियातला नायट्रोजन पोलादात शिरतो, त्यातल्या क्रोमियम-ॲल्युमिनियमशी जुळतो आणि वरचा थर भट्टीतच कठीण होतो. झटपट थंड करून त्यात काही भर पडत नाही. उलट एक बाजू आधी आकसते आणि लांब शाफ्ट वाकतो. गरम पोलादाला हवा लागली की ते निळं पडतं. म्हणून तापमान दीडशेच्या खाली येईपर्यंत भट्टी बंदच ठेवायची.

माल नापास झाला. जाब चाचांनी दिला, माझं नाव घेतलं नाही.

पुढच्या चांदरातीला मी भट्टीपाशीच थांबलो. पहाटेच्या गाडीने निघालो. ईदची नमाज जुन्नरलाच मिळाली.